फुगवा आणि सुटा

मे महिन्याची सुट्टी, त्याला लागून आलेला शनिवार-रविवार आणि पवनेच्या काठावर आगाऊ पैसे भरून मिळवलेला ‘लेक टच’ तंबू. एवढं जुळून आल्यावर तुम्ही नुसतं काठावर बसून कणीस खाणार? ते काम ज्येष्ठ नागरिकांचं. तुमच्यासारख्या कर्त्या माणसाकडे स्वतःची बोट हवी. सेलमध्ये मिळते, दोन दिवसांत घरपोच येते, पटली नाही तर परतही करता येते. अर्थात, तोपर्यंत तुम्ही परत आलेले असायला हवं.

महाबळेश्वरला वेण्णा लेकवर पैसे मोजून नावेत बसणाऱ्या लोकांशी आपली तुलना करू नका. आधी रांग लावा, मग दुसऱ्याच्या घामाचं जॅकेट चढवा, नावाडी म्हणेल तिथे बसा, त्याने डोळे वटारले की हात आत घ्या. एवढं ऐकून घ्यायचं तर माणूस ऑफिसलाच जाईल.

बोट निवडताना खोक्यावरचं चित्र तेवढं पाहावं. चित्रात बोट मोठी दिसते, पाणी निळं दिसतं आणि आतली माणसं वर्षानुवर्षं काहीच न खाल्ल्यासारखी दिसतात. त्याच खोक्यावर काही आकडेही असतात, पण ते रसिकांसाठी नसतात. बाजारात हमखास दिसणाऱ्या एका दोन माणसांच्या बोटीचा आकार १८५ बाय ९४ सेंटिमीटर आणि जास्तीत जास्त वजन ९५ किलो. होय, दोघांचं मिळून. तुम्ही डॉक्टरांना जे वजन सांगता ते धरलं, तरी दुसऱ्या माणसासाठी पंधरा-सोळा किलो उरतात. म्हणून हिशेब करत बसू नका. तुम्ही, मेहुणा, मेहुण्याची मुलगी आणि बर्फाचा डबा एवढी मंडळी बसवा. कंपन्या आकडा नेहमी राखूनच सांगतात, हे आपल्याला लिफ्टमध्ये आठवा माणूस घुसतो तेव्हापासून ठाऊक आहे.

बोटीच्या कडेवर बारीक अक्षरांत दहा-बारा भाषांमधून सूचना छापलेल्या असतात. हे जीव वाचवण्याचं साधन नाही, काठाकडून आत वाहणाऱ्या वाऱ्यापासून सांभाळा, मोठ्या माणसाच्या देखरेखीतच वापरा, वगैरे. त्यात मराठी नसतं. तेव्हा त्या आपल्याला लागू नाहीत.

आता हवा. खोक्यात एक हातपंप मिळतो. त्याचा अपमान करून तो तिथेच ठेवा आणि बोट गाडीच्या टपावर टाकून रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्या. तिथे होणारा संवाद ठरलेला आहे.

“साहेब, याला किती मारू?”

“गाडीला मारता तेवढीच मारा. तीस-बत्तीस.”

“फुटंल की ओ.”

“अहो, नवीन आहे!”

अशा बोटीला साधारण अर्धा पीएसआय हवा पुरते, म्हणजे गाडीच्या टायरच्या साठावा हिस्सा. हे त्या पंक्चरवाल्याने कुठे वाचलेलं असण्याची गरज नाही, तो हाताने दाबून सांगतो. पण तुम्ही इंजिनिअर, तो पंक्चरवाला. त्याने नकारच दिला, तर रागारागाने काठावर परत या आणि मुलांना पंपाला जुंपा.

फुगवताना एक बारीक गोष्ट बघण्यासारखी असते, म्हणून सांगतो. हवा भरायच्या तोंडाशी दोन भाग असतात. आत एक पडद्याचं बूच, जे आत जाणारी हवा परत येऊ देत नाही, आणि बाहेर स्क्रूसारखी फिरवायची टोपी. आतलं बूच नीट बसलं नाही, मध्ये वाळूचा एक कण अडकला, की बारीक ‘स्स्स’ असा आवाज येत राहतो. साबणाचं पाणी लावलं तर तिथे बुडबुडे दिसतात. तुम्ही मात्र गाणी लावा, आवाज ऐकू येणार नाही. बोटीला दोन-तीन वेगळे कप्पे असतात, ते एक फाटलं तर दुसऱ्याने तरंगावं म्हणून. भरून भरून कंटाळा आला की तळाचा कप्पा अर्धा सोडून द्यायला हरकत नाही. तेवढीच बसायला गादी मऊ होते.

भरलेली बोट लगेच पाण्यात घालायची घाई करू नये. ती दुपारच्या उन्हात, खडकावर, टणक फुगलेल्या अवस्थेत ठेवावी आणि आपण जेवायला बसावं. आतली हवा वीस अंशांनी तापली की सुमारे सात टक्क्यांनी फुगू पाहते. बोटीत जागा तेवढीच, म्हणून शिवण ताणते. शिवण टिकली तर फारच उत्तम, कारण मग तीच बोट गार पाण्यात उतरली की आतली हवा आक्रसते आणि अर्ध्या तासात बोट शिळ्या पुरीसारखी मऊ पडते. तोवर तुम्ही मध्यावर पोचलेले असता, त्यामुळे पंप काठावर राहिल्याचं दुःख कळायला भरपूर निवांतपणा मिळतो.

पाण्यात उतरण्याआधी नारळ फोडायला विसरू नका. बोटीला टेकवूनच फोडा, करवंटीच्या कडा धारदार असतात. त्यातूनही बोट वाचली, तर काठावरचे बाभळीचे काटे आहेतच. मे महिन्यात पाणी बरंच खाली गेलेलं असतं, तंबूपासून पाण्यापर्यंत भेगाळलेली जमीन, मग चिखल. एवढं अंतर बोट उचलून नेणं हे हमालीचं काम, म्हणून ती ओढत न्यावी. वाटेत जलसंपदा विभागाची ‘पाण्यात उतरण्यास मनाई’ अशी पाटी लागेल. तिचा उपयोग आहे: टॉवेल वाळत घालायला उंची अगदी सोयीची असते.

वेळेचं म्हणाल, तर सकाळी सातला पाणी आरशासारखं स्थिर असतं. ही वेळ जाळी काढणाऱ्या मच्छीमारांसाठी सोडावी. सुसंस्कृत माणसाने रात्रीच्या डीजेनंतर दहाला उठावं, पोहे, मग मिसळ, मग मटण, मग थोडं आडवं होणं, आणि साडेतीनच्या सुमारास बोट काढावी. मे महिन्यात बरोबर त्याच वेळी पश्चिमेचा वारा घाट चढून मावळात उतरलेला असतो. एवढ्या दुरून तो आला आहे, त्याची निराशा करू नका.

काठावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं नीट करणारा एक गडी तुम्हाला भेटेलच. तो वर न बघताच बोलेल.

“दादा, आता जाऊ नका. वारा सुटलाय.”

यावर “काका, आम्हाला पोहता येतं” असं ठणकावून सांगावं. सोसायटीच्या चार फुटी तलावात, कठड्याला हात लावत लावत येतं, हा तपशील त्यांना सांगायचं कारण नाही. ते पुन्हा म्हणतील, “पोहण्याचं नाही ओ म्हणत, येण्याचं म्हणतोय.” अशा वेळी मेहुण्याकडे बघून हसावं. गावच्या माणसाचं ऐकलं तर सुट्टी कसली?

लाइफ जॅकेटविषयी मतभेद आहेत. काही जण ते आणतच नाहीत. काही जण आणतात आणि बुडाखाली घेतात. तिसरा पंथ फोटोपुरता घालून, पट्टे न आवळता, फोटो झाला की काढून ठेवणाऱ्यांचा. मुलांसाठी मात्र दंडात घालायचे फुगवटे आणावेत, कार्टूनचं चित्र असलेले. त्यांच्यावरही ‘हे जीवरक्षक साधन नाही’ असंच लिहिलेलं असतं, म्हणजे बोट आणि फुगवटे यांचा मेळ छान बसतो.

वल्ही मारायची रीत अगदी सोपी आहे. खरी रीत अशी की एकाच माणसाने दोन्ही वल्ही धरायची, जायचं त्या दिशेला पाठ करून बसायचं आणि वल्ह्यांच्या मुठी आपल्याकडे ओढायच्या. पण पाठ करून बसलं तर व्हिडिओत तोंड कसं येणार? म्हणून एक वल्हं तुम्ही घ्या, एक मेहुण्याला द्या. दोघांची ताकद सारखी नसते आणि बोटीला खाली कणा नसतो, ती सपाट. त्यामुळे ती पुढे जाण्याऐवजी गोल फिरते. काठावरून बायको ओरडते, “अहो, सरळ!” तिला हात हलवून दाखवा. चौथ्या-पाचव्या गिरकीनंतर दोष मेहुण्याचा आहे, हे तुमच्या लक्षात येईल, आणि लग्नापासून साठलेलं सगळं बोलायला ही जागा बरी असते. त्याला उठून जाता येत नाही.

बोलता बोलता काठ लांब गेलेला असतो. काही किलो वजनाचा हवेचा पिंप पाण्यावर ठेवला, त्यात माणसं ताठ बसवली, की ते शीडच झालं. तुम्ही वल्हवता माणूस चालतो त्याहून हळू, वारा ढकलतो त्याहून जोरात. काठाशी लाट बोटभर होती, कारण वारा तुमच्या पाठीमागच्या टेकाडामुळे अडला होता. जसजसे आत जाल, तसतशी मोकळ्या पाण्यावर लाट चढत जाते. हे सारं निसर्गाचं कौतुक आहे, शूट करून ठेवा. फोन बिनदोरीचा, एका हातात असावा. दुसऱ्या हातात बिअर. रिकामा कॅन पाण्यात सोडायला हरकत नाही, पिंपरी-चिंचवड हेच पाणी पितं, आणि तिथे तुमचा साडू राहतो.

घाबरून पाण्यात उडी मारायचा विचार मनात आला, तर तोही करून बघा. याला आपण लेक म्हणतो, पण हे धरण आहे, १९७२ साली पूर्ण झालेलं. खाली भाताची खाचरं, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे सगळं जागच्या जागी आहे. पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर वर येतं, पाऊस झाला की पुन्हा आत जातं. मुळशीचं पाणी अडणार म्हणून तिथल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले. त्या पाण्यातही आज कुणीतरी फ्लेमिंगोच्या आकाराचा फुगा घेऊन उतरलेलं असतं. तर सांगायचं असं, की गुडघाभर पाण्यात चार पावलं टाकलीत आणि पाचवं बांधावरून खाली गेलं, तर पुढे नदीचं जुनं पात्र आहे. कडेला उतराल तर गाळ. गाळात पाय गेला की चप्पल वर येत नाही, आणि ओढाताण केली की दुसरा पाय जातो. बुडत्याचा पाय खोलात, असं आपण बँकेच्या हप्त्यांबद्दल म्हणतो. इथे ते घोट्यापासून समजतं.

नांगर म्हणून सुतळीला बांधलेला दगड चालतो. दगड तळाला पोचेपर्यंत सुतळी पुरत नाही, पण टाकल्याचं समाधान मिळतं.

साधारण पाचच्या सुमारास तुम्ही पलीकडच्या काठाला लागाल. लागालच, वारा प्रामाणिक आहे. पाण्यावरून तुमचा तंबू समोर दिसतो, बायको ओढणी हलवताना दिसते. रस्त्याने मात्र अख्ख्या तलावाला वळसा. पायात एक चप्पल, फोन पाण्यात, मेहुण्याशी बोलणं बंद आणि त्याची मुलगी रडतेय. इथे खिसा चाचपून पाहावा. गाडीची किल्ली तिथेच आहे. म्हणजे काठावरच्या मंडळींना तुम्हाला आणायला येता येत नाही आणि तुम्हाला सोडून घरीही जाता येत नाही. कुटुंब एकत्र ठेवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

एवढ्यात पूर्वेला वळवाचा ढग काळा होऊ लागतो. विजा चमकत असताना मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, त्यामुळे परतीचा प्रवास लगेच सुरू करण्याचा मोह होईल. अॅल्युमिनियमची वल्ही उंच धरा.

तुमचं नशीब थोर असेल, तर तोच ट्यूबवाला गडी एव्हाना गावातून होडी घेऊन आलेला असतो. तो काही बोलत नाही, हे फार लागतं. दोरी टाकतो, मुलीला आधी घेतो, तुमच्या बोटीला मागे बांधतो. अशा वेळी गप्प बसू नये. “आम्ही येतच होतो,” असं म्हणावं. काठाला आल्यावर शंभराची नोट पुढे करावी. भिजलेली असते, ती तो घेत नाही. मग जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणावं, की इथे प्रशासनाने काहीतरी सोय करायला हवी, बाहेरच्या देशांत बघा कसं असतं. मघाची पाटी टॉवेलखाली आहे, तो टॉवेल तूर्त काढू नका.

राहिली बोट. ती पुन्हा खोक्यात कधीच मावत नाही. ओली तशीच गुंडाळा, माळ्यावर फेका. चार महिन्यांत तिला बुरशी धरते, घड्यांवर पीव्हीसी तडकतं आणि उंदीर उरलेलं बघतात. दिवाळीत पिंपरीचे साडू येतील, त्यांना भंडारदऱ्याला जायचं असेल. त्यांना बोट अवश्य द्या, वर एक डबा चिवडाही द्या. ते विचारतील, “लाइफ जॅकेट वगैरे लागतं का हो?”

“छे! आम्ही तर पार पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो.”