जॅकच्या मागं बसू नका : अँकरच्या व्हिडिओला उत्तर

परवा रात्री भाच्याचा फोन आला. दारव्ह्याकडं एका पुलाच्या भिंतीच्या कामावर तो ड्रिलिंगच्या टोळीत आहे. भिंत पुढं कलू नये म्हणून तिच्या मागं जमिनीत खोल भोक पाडून पोलादी केबल बसवतात अन् ताणून ठेवतात, तोच ग्राउंड अँकर. "मामाजी, हे खरं हाये का जी? आमच्या पुऱ्या गँगच्या मोबाईलवर फिरून राहिलं."

व्हिडिओतला माणूस सांगतो : ग्राउंड अँकर म्हणजे जमिनीत पुरलेला खुंटा. भोक पाडा, केबल टाका, वरून सिमेंट ओता, तिसऱ्या दिवशी ताण द्या. टेस्ट म्हणजे बिल वाढवायचे धंदे. आणि ताण देताना एक माणूस जॅकच्या, म्हणजे केबल ओढणाऱ्या यंत्राच्या, मागं बसवा, केबल धरून ठेवणारी पाचर सटकते का ते बघायला.

हे शेवटचं ऐकून माझी झोप उडाली.

केबलची एक स्ट्रँड, म्हणजे तारांचा एक पीळ, 15.2 मिलिमीटरची, म्हणजे करंगळीएवढी. तिच्यावर 15 टन ताण दिला की 10 मीटर मोकळ्या लांबीत ती साधारण 55 मिलिमीटर ताणली जाते. 15 टन म्हणजे 150 क्विंटल कापसाचं वजन, एका करंगळीवर! पाचर सटकली किंवा तार तुटली तर साठलेली सगळी ताकद केबलच्या रेषेत मागं येते. तिथंच हा माणूस पोट्ट्याला बसवायला सांगतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर चिखलात फसला की दोरानं ओढताना आपण लेकरांना दोराच्या रेषेतून हाकलतो की नाही? मग इथं कसं बसवता? दाबाचा गेज बाजूला उभं राहून वाचायचा. जॅकच्या मागची जागा आधीच अडवायची, तिथं कुणी बिडी ओढायलाही जायचं नाही. दाब असताना पाचरीवर हातोडा मारायचा नाही. काही गडबड वाटली तर आधी दाब उतरवायचा, मग जवळ जायचं.

आता खुंट्याचं. खुंट्याला वरची माती धरते. अँकरचं उलट आहे. भिंतीमागची जी माती स्वतःच घसरायला टेकली आहे, ती अँकरला काय धरणार? म्हणून तेवढ्या लांबीत केबलला ग्रीस आणि प्लास्टिकची नळी असते. पकड तिच्या पलीकडं, खोल मुरमात नाहीतर खडकात. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात पकड धरून भिंत बांधणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. एक मात्र कबूल करतो, काळा पाषाण चांगला लागला तर अँकर घट्ट बसतो. पण खाली पाषाण लागला की भुसभुशीत मांजऱ्या खडक, हे ड्रिलमधून निघणारा चुरा बघूनच कळतं, व्हिडिओ बघून नाही.

सिमेंट वरून ओतलं की खालची हवा, पाणी, गाळ तिथंच अडकतो. नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरायचं, तोंडातून स्वच्छ ग्राउट, म्हणजे सिमेंट-पाण्याचं मिश्रण, बाहेर येईपर्यंत. आणि तीन दिवसांची घाई कशाला? साधारण 7 दिवस जाऊ द्या, त्याच ग्राउटचे क्यूब (ठोकळे) फोडून ताकद आली का बघा, मगच जॅक लावा.

टेस्टचं म्हणाल तर तंबूत बसून आकडे भरणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण म्हणून टेस्टच नको? युरोपचं अँकरचं मानक आहे, ई.एन. 1537. त्यात एक-दोन नमुन्यांवर भागत नाही. कामातल्या प्रत्येक अँकरची स्वीकृती चाचणी सांगितली आहे. ठरलेल्या भारापेक्षा जास्त ताण द्यायचा, धरून ठेवायचा, केबल हळूहळू सरकते का ते मोजायचं. जमिनीच्या पोटात काय झालं ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून प्रत्येकाची. खडकातल्या प्रीस्ट्रेस्ड अँकरसाठी आपल्याकडंही 1982 पासून आय.एस. 10270 आहे. साइटवरच्या इंजिनिअरला मागा.

भाच्याला म्हटलं, उद्या जॅक लावायच्या आधी मागची जागा दोरी बांधून बंद कर, अन् मुकादमाला फोन दे. सकाळी सात वाजता मुकादमाशी बोललो. दोरी बांधून झाल्यावरच पंप सुरू केला त्यांनी.