फी पेटंटची, पैसा भलतीकडेच

आज इथे अमेरिकेत ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, "पेटंट ऑफिस म्हणजे आपल्या टॅक्सवर पोसलेला पांढरा हत्ती." तिथे वाद घातला नाही, पण डोकं अजून तापलेलं आहे.

कुठला टॅक्स हो? १९९० च्या कायद्याने पेटंटच्या फीवर ६९ टक्के अधिभार लावला आणि तिजोरीतून मिळणारा पैसा जवळपास बंद केला. तेव्हापासून अमेरिकेचं पेटंट अँड ट्रेडमार्क ऑफिस अर्जदारांच्या फीवरच चालतं. ज्याला पेटंट हवं त्याने पैसे भरावेत, बरोबरच आहे. पण मग तो पैसा त्याच कामाला लागू दे ना! १९९२ नंतर इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, वर्षानुवर्षं जमा फीपेक्षा कमी खर्चाला मंजुरी दिली आणि उरलेला पैसा भलतीकडे वळवला. कोट्यवधी डॉलर! सरळसरळ डल्ला आहे हा.

माझ्या त्या नळीच्या क्लिपच्या पेटंटबद्दल जुन्या मित्रांना माहीत आहे. अर्जावर फोनवरून चर्चा झाली तेव्हा एक्झामिनरने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, माझी आकृती तीन समोर ठेवली होती. म्हणाला, "ही स्प्रिंग एका जुन्या पेटंटमध्ये जशीच्या तशी आहे. पण आतली ही खाच त्यात नाही. ती पहिल्या क्लेममध्ये घ्या." क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगतोय ते वाक्य. इतकं बारकाईने माझं काम तोवर कुणी वाचलं नव्हतं, माझ्या भागीदारानेही नाही. या लोकांना एका अर्जासाठी ठरावीक तासच मिळतात. मी फी भरली ती त्या तासांसाठी.

२०११ मध्ये 'अमेरिका इन्व्हेंट्स अ‍ॅक्ट' आला, १६ सप्टेंबरला ओबामांची सही झाली. फी ठरवायचा अधिकार ऑफिसला मिळाला, मंजुरीपेक्षा जास्त जमा झालेल्या फीसाठी वेगळा राखीव निधी आला. मेख अशी, की त्या निधीला हात लावायलाही पुन्हा काँग्रेसचीच परवानगी. सिनेटर टॉम कोबर्न यांनी फी थेट ऑफिसकडे राहावी, वळवायची वाटच बंद व्हावी, अशी दुरुस्ती मांडली होती. सिनेटने ५० विरुद्ध ४८ मतांनी ती बाजूला सारली. दोन मतांचा फरक! आणि तूट कमी करायला २०१३ मध्ये सरकारी खर्चात जी सरसकट कपात झाली, तिच्यात या ऑफिसची जवळपास १४.८ कोटी डॉलर फी अडकून पडली. सरकारी तुटीशी माझ्या खाचेचा काय संबंध?

काँग्रेसचा अंकुश हवा, मान्य. हिशेब मागा, ऑडिट करा. मंजूर पेटंट चालू ठेवायला साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते, त्यामुळे फीवर जगणारं ऑफिस सढळ हाताने पेटंट वाटेल असंही म्हणतात. असेल थोडंफार खरं. पण माझा सर्वांत व्यापक क्लेम त्या एक्झामिनरने ठामपणे नाकारला होता, आणि तो बरोबर होता. असा माणूस टिकवायचा, नवे घडवायचे तर पुढच्या वर्षी पैसा मिळणार की नाही, या टांगत्या तलवारीखाली कसं जमणार?

फी ठरवायच्या अधिकाराला २०१८ च्या कायद्याने २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. माझ्या दोन्ही सिनेटरना मी आज लिहिलंय. इथे ज्यांचे अर्ज रांगेत आहेत त्यांनीही लिहा. नुसत्या मुदतवाढीवर समाधान मानू नका, कोबर्न यांची ती दुरुस्ती पुन्हा मांडा म्हणून सांगा.