मालकांचं उत्तर: सर, ते पिल्लू आजारी नव्हतं

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. घरात हौसेनं आणलेलं बॉल पायथनचं, म्हणजे अजगराच्या जातीतल्या सापाचं पिल्लू दीड महिना तोंडाला काही लावत नाही म्हटल्यावर जिवाला घोर लागणारच. तुम्हाला आणि तुमच्या मुलाला मनस्ताप झाला, त्याबद्दल आमच्याकडून माफी मागते. शनिवार-रविवारी दुकानाचा फोन उचलला जात नाही, हेही खरं आहे. त्याची काहीतरी सोय लावतो.

पण तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय, की ‘आजारी बॉल पायथन गळ्यात मारला, तो आधीपासूनच खात नव्हता हे लपवलं, फोन केला की नुसतं थांबा म्हणतात आणि परत घ्यायला तयार नाहीत.’ यातलं ‘लपवलं’ फार लागलं. मी आणि माझा भाऊ पुण्यात हे दुकान नावावर चालवतो. सापाच्या दुकानात लोक आधीच बिचकत पाय ठेवतात. त्यात असं वाचल्यावर कोण येईल?

सर, ते पिल्लू तुमच्या डोळ्यांदेखत जेवलं. विकण्याआधीचं शेवटचं खाणं गिऱ्हाइकासमोर द्यायचं, हा आमचा शिरस्ता आहे. तुम्ही काउंटरपाशी उभे होतात आणि व्हिडिओ तुमच्याच मोबाईलवर काढलात. त्यात दिसतं, डब्यातून डोकं बाहेर आलेलं, मान मागे ओढून धरलेली, जीभ सावकाश आत-बाहेर. चिमट्यातला उंदीर जवळ येताच झडप, आणि लगेच वेढे. आजारी साप सहसा असा झडपत नाही. तोंडात चिकट लाळ नव्हती, श्वासाला घरघर नव्हती, वजन १८० ग्रॅम होतं. हे सगळं कार्डावर लिहून तुमच्या हातात दिलंय. व्हिडिओ अजून असेल तर कृपया एकदा पाहा.

मग घरी नेल्यावर खाणं का थांबलं? थोडं लांबेल, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. तिथे दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर रिकाम्या वारुळात पडून असतो. अंग चहूबाजूंनी टेकेल अशी अंधारी जागा मिळाली, तरच त्याला निर्धास्त वाटतं, आणि निर्धास्त असला तरच तो खातो. म्हणून आम्ही झाकणाचा टब सुचवला होता, दोन टोकांना दोन घट्ट बसणारे हाईड, म्हणजे लपायचे खोके, सांगितले होते आणि पहिला आठवडा हात लावू नका असं बजावलं होतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, चारही बाजूंनी उघड्या काचेच्या टाकीत, आणि आत शोभेची एकच मोठी गुहा. त्याच आठवड्यातले वाढदिवसाचे फोटोही तुम्हीच पाठवलेत. मुलांवर माझा अजिबात राग नाही, त्यांना साप हातात घ्यावासा वाटणारच. पण त्या फोटोत तो डोकं आत खुपसून घट्ट गोळा होऊन बसलाय, आणि त्याच रात्री त्याला खायला दिलं गेलं.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबरात पुण्यात रात्रीचा पारा दहा-बारावर येतो. याला टाकीच्या गरम टोकाला ३१-३२ अंश लागतात आणि थंड टोकाला २६च्या आसपास. तुमच्या गरम टोकालाच २६ भरले, हा आकडा तुम्हीच फोनवर सांगितलात. अंगात पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, आणि साप अशा वेळी खाणं टाळतो. थर्मोस्टॅट तुम्हाला महाग वाटला म्हणून राहिला. आम्ही आग्रह केला तेव्हा ‘माल खपवताय’ असं ऐकून घेतलं.

आणि घरातल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर रात्रभर जिवंत आत सोडलात, ते वाचून तर पोटात गोळा आला. न खाणाऱ्या सापाला जिवंत उंदीर कुरतडतो, पार मांस दिसेपर्यंत. शिवाय त्या उंदरानं कुठे औषध खाल्लेलं असेल, ते कोणाला ठाऊक? पुन्हा असं कृपया करू नका.

‘थांबा’ म्हणजे टोलवाटोलवी नव्हती. रोज समोर उंदीर धरला की तो रोज जास्त बुजतो. दोन प्रयत्नांत आठवडा जाऊ द्यायचा, हाच उपाय आहे. मोठे बॉल पायथन कित्येक महिने उपाशी राहतात. पिल्लाला तेवढी मुभा नसते, म्हणून वजन विचारत होते. तुम्ही शेवटचं १७२ सांगितलंत, म्हणजे घट पाच टक्केही नाही. दहा टक्क्यांपुढे गेली तर साप तपासणाऱ्या डॉक्टरांकडे मीच पाठवेन.

परत घेण्याचं म्हणाल, तर मालक बदलला की केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर पुन्हा नोंद करावी लागते, तो आज दिला उद्या घेतला असा व्यवहार नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे जागा पुन्हा बदलली तर त्याचा उपास आणखी लांबेल.

आता एवढं करा. टाकीला तीन बाजूंनी पुठ्ठा लावा, ती आतल्या खोलीत हलवा, दोन लहान हाईड ठेवा, उष्णता नीट झाली की आठवडाभर हात लावू नका. डोळे दुधी झाले असतील तर कात टाकेपर्यंत खायला देऊच नका. मग २० ग्रॅमच्या आसपासचा फ्रोझन रॅट (रॅट जातीचा गोठवलेला उंदीर) फ्रिजमध्ये ठेवून रात्रभरात बर्फ उतरू द्या आणि कोमट पाण्यात गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही. दुकानात तो रॅटच खात होता, घरच्या उंदराचा वास त्याच्या ओळखीचा नाही. देण्याआधी उंदराचं डोकं हेअर ड्रायरनं जरा तापवा. ओठांवरच्या खाचांतून त्याला ती ऊब कळते. दिवे मालवून चिमट्यानं समोर धरा, नाही घेतला तर हाईडच्या तोंडाशी ठेवून निघून या आणि सकाळी काढून टाका.

यापुढे सूचनांचं कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरात देऊ. थर्मोस्टॅटच्या किमतीचंही बघतो.

तुमच्या मुलानं दुकानात फार नेमके प्रश्न विचारले होते, वजनाची वही त्याच्याकडे द्या. रॅट आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. तारा एकच ठेवलात तरी चालेल, पण तो व्हिडिओ पाहून ‘आजारी’ आणि ‘लपवलं’ हे दोन शब्द तेवढे काढा, ही विनंती.