सुटलेले टार्गेट आणि १८० अंशांचा सापळा

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले की स्वप्नील कुसळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक आठवते, म्हणजे ५० मीटरचे अंतर, ठरलेली जागा आणि श्वासही रोखून धरलेले शरीर. मी इथे अमेरिकेत ज्या खेळात भाग घेतो त्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये मात्र नेमबाज भरलेले पिस्तूल हातात घेऊन पळतो आणि भिंतींच्या आडून किंवा खिडक्यांमधून टार्गेटे टिपतो. त्यामुळे गावाकडची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो सुरक्षिततेचा, आणि तो रास्तच आहे.

या प्रश्नाला आम्ही बहुतेक जण नियम सांगून उत्तर देतो. नेमबाजावर लक्ष ठेवणाऱ्या रेंज ऑफिसरने ‘मेक रेडी’ (तयार व्हा) म्हटल्याशिवाय कोणाचेही पिस्तूल भरलेले नसते, पळताना बोट ट्रिगरपासून दूर ठेवावे लागते आणि पिस्तुलाचे तोंड समोरच्या मातीच्या बांधाच्या दिशेने, डावी-उजवीकडे प्रत्येकी ९० अंशांच्या आत राहावे लागते. ही १८० अंशांची मर्यादा ओलांडली की फक्त ती स्टेज (भिंती आणि टार्गेटांची मॅचमधील एक मांडणी) नव्हे, त्या नेमबाजाची संपूर्ण मॅच तिथेच संपते. हे सगळे खरे असले, तरी माझ्या मते सुरक्षितता याच्याही आधी, स्टेज आखणाऱ्याच्या कागदावर ठरते आणि स्थानिक मॅचमध्ये नेमके तिकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

मध्यंतरी एका क्लबच्या मॅचमध्ये पाहिलेली स्टेज सांगतो. सुरुवातीलाच डाव्या हाताला, जाळीच्या भिंतीआड एक कागदी टार्गेट होते. ते ओलांडून पुढे गेल्यावरही मागे वळून पाहिले की स्वच्छ दिसत असे. या खेळात मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात. टार्गेटच्या मधल्या भागातील गोळीला ५ गुण, चुकलेल्या गोळीला १० वजा. एखादे टार्गेट पूर्ण सुटले तर त्यावर झाडायच्या दोन गोळ्यांचे २० आणि त्यावर गोळीच न झाडल्याचे आणखी १० असे ३० गुण जातात. पुढच्या खिडकीपाशी पोहोचल्यावर ज्याला हे आठवते, त्याच्या डोक्यात ते ३० गुण असतात, अंश नसतात. तो गर्रकन वळतो आणि रेंज ऑफिसरचा ‘स्टॉप’ ऐकू येतो. त्या दिवशी त्याच जागी एकाहून अधिक जण बाद झाले. जाळी चार फूट पुढे ओढली असती, तर पुढे गेल्यावर ते टार्गेट दिसलेच नसते.

यावर आमच्यातील जुने खेळाडू म्हणतात की पिस्तुलाचे तोंड ही ज्याची त्याची जबाबदारी. मान्य आहे, तिथे रेंज ऑफिसरने दयामाया दाखवावी असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु एकाच जागी दुसरा माणूस बाद होतो, तेव्हा आधी स्टेजकडे पाहायला हवे.

दुसरा सापळा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातील गोळ्यांची पेटी, बदलण्याचा. उजव्या हाताचा नेमबाज उजवीकडून डावीकडे पळत असताना त्याचे अंग डावीकडे वळलेले असते, आणि मॅगझिन बदलताना पिस्तूल स्वाभाविकपणे आणखी आत, म्हणजे मागच्या बाजूला झुकते. डावखुऱ्याचे नेमके उलट होते, त्यामुळे स्टेज आरशासारखी फिरवून प्रश्न सुटत नाही. पळण्याची वाट आडवी न ठेवता थोडी तिरकी, पुढे जाणारी ठेवली की दोघांनाही सोपे जाते. तसेच उंचीचे. मी ज्या खिडकीतून सरळ पाहतो, तिथूनच एखादा ठेंगणा मुलगा किंवा गुडघ्यावर बसलेला नेमबाज नेम धरतो तेव्हा गोळीची रेषा वर चढते, आणि टार्गेट जवळ व उंच असेल तर ती बांधावरूनही जाऊ शकते. लोखंडी टार्गेटांचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण यूएसपीएसए या अमेरिकेतील प्रॅक्टिकल शूटिंगच्या संघटनेच्या नियमांत किमान २३ फूट अंतर ठरलेले आहे आणि जमिनीवर नुसती रेषा आखून नेमबाजाला थांबवायचे असेल तर ती २६ फुटांवर घ्यावी लागते. फक्त पावलांनी न मोजता टेपने मोजावे.

याचा अर्थ सगळ्या स्टेज सरळ रेषेत, मिळमिळीत कराव्यात असा नाही. नेमबाजाने आपला मार्ग आपण शोधावा हेच या खेळाचे मूळ तत्त्व आहे. लोखंड लांबून पाडायचे की वेळ खर्चून जवळ जायचे, गोळ्या कुठे संपवायच्या, ज्याला मारायचे नाही अशा पांढऱ्या टार्गेटने झाकलेल्या कोपऱ्यावर किती वेळ द्यायचा, अशा निवडींतून अवघडपणा यावा. फसवून बाद करण्यात आखणाऱ्याचे कौशल्य दिसत नाही.

खेळणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. स्टेजची पाहणी करताना काही खटकले तर पहिला नेमबाज उभा राहण्याआधी बोला. एकदा कोणी स्टेज खेळून गेले, की बदलानंतर त्यांनाही ती पुन्हा खेळू द्यावी लागते, आणि तेवढा वेळ नसेल तर स्टेजच रद्द करावी लागते. त्यामुळे चूक दिसत असूनही आयोजक टाळाटाळ करतात. ‘हा रडका आहे’ असे म्हणतील, या भीतीने गप्प बसणारे पुष्कळ पाहिले आहेत.

पुढच्या मॅचपासून आमच्याकडे स्टेज आखणाऱ्याखेरीज दोघांनी, एका डावखुऱ्याने आणि एका ठेंगण्या व्यक्तीने, आदल्या संध्याकाळी प्रत्येक स्टेज रिकाम्या हातांनी चालून पाहायची असे ठरवले आहे. टेप माझ्याकडे आहे; डावखुरा मात्र अजून एकच मिळाला आहे, आणि त्याची कामावर शनिवारची पाळी असते.