वीस लिंका आणि आजीचं बोट

आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. जालन्यात हा सण असतो, बाहेरच्यांना कळायचं नाही. हंडे भरता भरता फोन वाजला. महिला मंडळाच्या ग्रुपवर एका ताईने 'ख्रिस्ती आईने वाचायलाच हवं' म्हणून वीस लिंका टाकल्या होत्या. वीसच्या वीस इंग्रजी.

पहिलीच उघडली. बर्फ पडून शाळेला सुट्टी मिळाली तर लेकरांना घरात कसं रमवायचं! इथं बेचाळीस अंशांत पत्र्याखाली लेकरू भाजून निघतंय आणि मी बर्फाचं वाचू? दुसरीत सल्ला होता, लेकरांना शाळेत घालूच नका, श्रद्धा जपायची तर घरीच शिकवा. तिथं माझं डोकं फिरलं.

माझी आजी बेथेलची. ख्रिस्ती पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलं ते बेथेल गाव. दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदणी, आणि रात्री चर्चच्या पाळकबाईंकडे कंदिलाच्या उजेडात अक्षरं. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र तिला तोंडपाठ होतं, म्हणून बाईंनी तेच पान उघडून दिलं. तोंडाने म्हणायचं आणि त्या त्या शब्दाखाली बोट न्यायचं. असं करत करत तिला अक्षरं सापडली. पस्तिशीत! मग शाळेत माझ्या वडिलांचं नाव घालताना मास्तरांनी शाईचा पॅड पुढे सरकवला, तर म्हणाली, "अंगठा कामून? पेन द्या." या बाईची नात मी. आणि मला सांगता, शाळेत घालू नका?

बरं, इंग्रजीतही चांगलं असतं. जेवताना प्रत्येकाने दिवसातली उपकार मानावेत अशी एक गोष्ट सांगायची, ही आमच्या घरातली सवय अशाच एका लेखातून आली. एवढं मान्य, पुढे नाही.

कारण आपल्याकडे काय कमी आहे हो? 'ज्ञानोदय' हे आपलं ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरला सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ ला ते पूर्ण छापून निघालं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, तिथल्याच बायकांच्या हातांनी. लक्ष्मीबाई टिळक कुठल्या शाळेत गेल्या होत्या? त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचा. संसार, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, धर्मांतराचं दुःख आणि नंतरची श्रद्धा, सगळं त्यात आहे, शिवाय हसून हसून पोट दुखतं. आणि जानेवारी २०२० मध्ये, आपल्याच मराठवाड्यात, धाराशिवला, फादर दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मी लेकीला घेऊन एसटीने गेले होते. मांडवात तिने विचारलं, "मम्मी, हे आपल्यातले?" तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

दुपारी तावातावाने त्या ताईला फोन केला. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "ताई, बाळ दीड वर्षाचं. हे वाळूजला रात्रपाळीला. मी एकटी खोलीत. मराठीत शोधलं तर काय सापडतं? 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद जाईल.' मग मिळालं ते पाठवलं."

गप्पच झाले.

खोटं काय बोलली ती? ज्यांच्या ट्रंकेत जुने अंक वाळवी खातेय त्या आपण. मीही. लेकीला दहावीला कसं बसवलं, उपासनेला यायला कुरकुरणाऱ्या पोराशी काय बोलले, हे मी कधी चार ओळींत तरी लिहिलं का? गुड मॉर्निंगची फुलं मात्र रोज पाठवते. पाळकबाईंनी दिवसभराच्या कामानंतर कंदील लावला होता. माझ्या हातात तर फोन आहे.

असो. संध्याकाळी आजीचं बायबल काढलं. तेविसाव्या स्तोत्राच्या पानावर ओळींखाली काळपट पट्टा पडलाय, चुलीवर राबणाऱ्या बोटाचा. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली ही पेन आणि अंगठ्याची गोष्ट लिहिली. लिहायला पाऊण तास लागला, 'ऱ्ह' काही केल्या उमटेना.

आत्ताच त्या ताईचं उत्तर आलंय. "ताई, फोटो आडवा आलाय, परत पाठवा. आणि आजीचं पुढे काय झालं?"