विजेच्या मीटरबाबतचा तो मेसेज चुकीचा आहे

‘सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीतल्या प्रत्येकाने नवीन मीटर स्वखर्चाने विकत घ्यावा, नाहीतर चोवीस तासांत लाईट तोडणार’ असा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर फिरतोय. परवा मीच तो न वाचता पुढे ढकलला होता, म्हणून हा खुलासाही मीच करतो.

मेसेजमध्ये महापालिकेचं नाव आहे, पण मुळात आपल्याकडे वीज महापालिका देत नाही, महावितरण देते. बिलाच्या माथ्यावरचं नाव बघा. महापालिकेकडे नळाचं पाणी. मुंबईत वेगळं आहे, तिथे काही भागांत महापालिकेचाच बेस्ट उपक्रम वीज देतो, तिथून हा घोळ झाला असावा.

खर्चाचं म्हणाल तर विद्युत कायदा २००३ चं कलम ५५ काढून वाचलं. मीटरशिवाय वीज देता येत नाही, हे खरं. पण मीटर स्वतः विकत घ्यायचा की नाही, हे ग्राहकानं ठरवायचं. नाही घेतला तर कंपनी बसवते, त्यासाठी अनामत मागू शकते. सक्तीची खरेदी कुठेच नाही. आणि थकबाकी असली तरी कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. चोवीस तास कुठून आले, देव जाणे.

दारात कुणी मीटरचे रोख पैसे मागितले तर देऊ नका, ओळखपत्र बघा, महावितरणच्या १९१२ या मदत क्रमांकाला फोन करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.