टॉप युनिव्हर्सिटीची ‘सात गुपितं’ सांगणाऱ्या त्या मेसेजला एका मावशीचं उत्तर

रविवारी सकाळी ताईचा मेसेज आला, "हे वाच गं, आपण तर यातलं काहीच केलं नाही, आता उशीर झाला का?" खाली तो फॉरवर्ड, जो गेले पंधरा दिवस आमच्या ओळखीच्या प्रत्येक पालक ग्रुपवर फिरतोय, ‘हार्वर्ड, एमआयटीत प्रवेशाची 7 गुपितं’, म्हणजे अमेरिकेतल्या त्या दोन नामांकित युनिव्हर्सिट्या. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्कांना आणि एसएटीला (तिकडच्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) आता किंमत राहिली नाही. स्वतःची एनजीओ काढा. रिसर्च पेपर छापून घ्या. किमान 25 सर्टिफिकेटं जमवा. निबंधात घरातलं दुःख दाखवा. शिफारसपत्र आमदाराचं किंवा मोठ्या अधिकाऱ्याचं घ्या. आणि आर्थिक मदत अजिबात मागू नका, मागितली की फॉर्म बाजूला टाकतात. सगळ्यात खाली एका कन्सल्टंटचा नंबर आणि साडेतीन लाखांचं पॅकेज.

मी अठरा वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, असे मेसेज रोज येतात आणि मी सोडून देते. हा सोडला नाही, कारण मंगळवारी संध्याकाळी इंदिरानगरला ताईकडे गेले तेव्हा भाचीने प्रवेशाच्या फॉर्मसोबत द्यायच्या तिच्या निबंधाचा कच्चा मसुदा वाचायला दिला. पहिलं वाक्य असं होतं, "कर्जाला कंटाळून माझ्या आजोबांनी जीव दिला तेव्हा मी नऊ वर्षांची होते."

तिचे आजोबा म्हणजे माझे वडील. अण्णा नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आमच्या द्राक्षाच्या मळ्यात आहेत, आदल्याच दिवशी त्यांनी मला फोन करून ऑक्टोबर छाटणीसाठी मजूर मिळत नाहीत म्हणून अर्धा तास ऐकवलं होतं. मी तो कागद हातात धरून किती वेळ बसले मलाच माहीत. पोरीचा दोष नाही, त्या मेसेजसोबत एक ‘नमुना निबंध’ पण फिरतोय, त्यात शेतकऱ्याची आत्महत्या आहे, तिने फक्त नमुन्याप्रमाणे गाळलेल्या जागा भरल्या. मी विचारलं, असं का लिहिलंस? म्हणाली, "मावशी, आपल्या घरात तसं काही झालंच नाही ना, मग लिहू काय?"

म्हणून पाचव्या मुद्द्यापासून सुरुवात करते, बाकीचे नंतर.

एकतर ज्या जिल्ह्यात कांद्याचा भाव पडला की घराघरात जेवण गोड लागत नाही, ज्या घरांत खरंच माणूस गेलाय, त्यांचं दुःख उचलून आपल्या पोरीच्या फॉर्मला चिकटवायचं हे सांगणाऱ्याला काय म्हणावं. दुसरं, ‘कोण तपासायला येतंय’ हे जे त्या मेसेजमध्ये लिहिलंय ते धडधडीत खोटं आहे. 2024 साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय युनिव्हर्सिटीत आपल्या देशातलाच एक विद्यार्थी पकडला गेला, मार्कशीटपासून वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत कागद बनावट होते आणि वडील इकडे भारतात जिवंत होते. त्याने इंटरनेटवर निनावी राहून हे सगळं लिहून टाकलं आणि त्यावरूनच माग निघाला. अटक झाली, गुन्हा कबूल करावा लागला, प्रवेश गेला, पोरगा परत भारतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचं असं व्हावं यासाठी कुणी साडेतीन लाख देणार आहे का? आणि कागद नसले, नुसता निबंध असला तरी मुलाखतीला बसलेला माणूस सहज विचारतो, आजोबा काय पिकवायचे, आता मळा कोण बघतं. तिथे ही पोरगी काय उत्तर देणार होती? वर कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाईटवर, फॉर्म पाठवताना खाली सही करून द्यावी लागते की हे सगळं माझं स्वतःचं आणि खरं आहे.

आता तिच्याकडे खरंच लिहिण्यासारखं काय आहे ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय, की हे तिला दिसेनासं झालं.

गेल्या डिसेंबर-जानेवारीत सुट्टीत ती मळ्यात होती. निफाडची थंडी सगळ्यांना माहिती आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो आणि द्राक्षवाल्यांचा जीव टांगणीला लागतो, कारण थंडी वाढली की मणी फुगायचे थांबतात, मण्यांत साखर उतरायला लागली असेल तर मणी तडकतात. अण्णा म्हणायचे, पेपरातला आकडा आपल्या बागेचा नाही, आपली बाग नाल्याच्या अंगाला खोलगट आहे. पोरीने दीडशे रुपयांचे तीन थर्मामीटर आणले, बागेत तीन ठिकाणी तारेला सुतळीने बांधले आणि 41 दिवस पहाटे सहाला उठून वहीत आकडे लिहिले. खोलगट भागात बहुतेक पहाटे पेपरातल्या आकड्यापेक्षा एक-दीड अंश कमीच. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराला जाऊन साचते, हे मी वर्गात दरवर्षी सांगते, पण हिने ते मोजलं. मग तिने शेकोट्यांचं बघितलं. बागेला ऊब मिळावी म्हणून रात्री बांधावर पेटवतात त्या. शेकोटीजवळच्या पहिल्या ओळीत पारा चढला, चौथ्या ओळीत हललाच नाही. अण्णांना हे पटलं नाही, ते म्हणाले धुराचं काम वेगळं असतं, तुझ्या काचेच्या नळीला ते कळणार नाही. दोघांचं दोन दिवस भांडण. वहीत तिने लिहिलंय, "आजोबा म्हणतात वारा होता म्हणून. वारा नसताना परत बघणे." ती वही, चहाचे डाग पडलेली, पहिल्या पानावर किराण्याचा हिशेब असलेली, तिचा तिने फॉर्ममध्ये कुठेच उल्लेख केलेला नाही, कारण मेसेजमध्ये असलं काही नव्हतं.

आता एनजीओ. शनिवारी पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या आश्रमशाळेत जायचं, 40 वह्या वाटायच्या, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढायचा आणि फॉर्मवर ‘संस्थापक अध्यक्ष’. सतरा वर्षांच्या मुलाची संस्था म्हणजे कागदावर सह्या आई-बापाच्याच असतात, हे फॉर्म वाचणाऱ्याला कळत नाही असं वाटतं का? ती माणसं वर्षाला हजारो फॉर्म वाचतात. आणि त्या आश्रमशाळेतल्या पोरांचा विचार कुणी केलाय का, ज्यांच्याकडे दर हिवाळ्यात नवे ‘संस्थापक’ येतात आणि पुढच्या वर्षी एकही दिसत नाही? माझा एक विद्यार्थी होता, दोन वर्षं दर रविवारी शेजारच्या वस्तीतल्या सहा मुलांचं गणित घ्यायचा, संस्था नाही, नाव नाही, बॅनर नाही. तसं करत असाल तर जरूर लिहा.

या सगळ्यावर मला जे एक उत्तर पुरेसं वाटतं ते खुद्द एमआयटीच्या अ‍ॅडमिशन ऑफिसनेच देऊन ठेवलंय. 2010 साली तिथल्या एका माणसाने त्यांच्याच वेबसाईटवर लिहिलं की घरच्या गॅरेजमध्ये चालणारी अणुभट्टी तयार केलेल्या एका मुलाला आम्ही प्रवेश दिला नाही. अणुभट्टी! आणि पुढे त्यांचं सांगणं असं की हमखास आत नेणारी अशी कुठलीच एक गोष्ट नसते, शाळेत नीट अभ्यास करा, माणसांशी चांगलं वागा, ज्यात खरंच जीव रमतो ते मनापासून करा, आणि हे केल्यावर प्रवेश नाही मिळाला तरी ती वर्षं वाया जात नाहीत. पंधरा वर्षांहून जास्त झाली, ते अजून तिथेच आहे, फुकट आहे, कुणीही वाचू शकतं. ज्यांना प्रवेश द्यायचा तेच सांगतायत की गुपित नाही, मग हा मेसेजवाला कुठून गुपितं घेऊन आला?

पंचवीस सर्टिफिकेटांचं तर गणितच बसत नाही. एमआयटीच्या फॉर्मवर तुमच्या अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी जागा आहे चार. चारच. कॉमन अ‍ॅपमध्ये दहा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, म्हणजे शब्द नाही, अक्षरं. शिवाय प्रत्येकापुढे आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे ते भरावं लागतं. दहा ठिकाणी सहा-सहा तास भरले की झाले आठवड्याचे साठ, वर कॉलेज आणि क्लास. बेरीज तेही करतात.

पैसे देऊन छापलेल्या पेपरबद्दल एवढंच सांगते की माझ्या स्टाफरूममध्ये असे ईमेल रोज येतात, पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, विषय कुठलाही चालेल. ज्या पेपरमधली दोन वाक्यं मुलाला स्वतःच्या शब्दांत समजावता येत नाहीत तो त्याचा नाही.

मार्क आणि एसएटी. इथे थोडं मान्य करते, नाइलाजाने. नुसत्या 95 टक्क्यांवर तिथे कुणी घेत नाही हे खरं आहे, शंभरातल्या चार-पाच जणांनाच प्रवेश मिळतो आणि परदेशी मुलांसाठी तर प्रमाण अजून कमी, तेवढे मार्क असलेले हजारो असतात. कोविडमध्ये एसएटी ऐच्छिक केली होती हेही खरं. पण तो मेसेज तिथेच अडकलाय. एमआयटीने 2022 च्या मार्चमध्ये ती परत सक्तीची केली, डार्टमथ, ब्राऊन, कॅलटेक, हार्वर्ड यांनी 2024 मध्ये तसंच जाहीर केलं. एमआयटीने कारण पण दिलं, की मुलाची गणिताची तयारी तिथला अभ्यास झेपेल इतकी आहे का हे त्यावरून कळायला मदत होते. आणि मार्क नववीपासूनचे जातात, फक्त बारावीचे नाही. तेव्हा ‘मार्कांना किंमत नाही’ म्हणून कुणी अकरावी सोडून वह्या वाटत फिरू नये.

शिफारसपत्राचं मी शिक्षक म्हणून बोलते, आणि इथे आमचीही चूक आहे. एमआयटी दोन शिक्षकांची पत्रं मागते, एक गणित किंवा विज्ञानाचा, दुसरा भाषा किंवा समाजशास्त्रासारख्या विषयाचा. शिक्षक, आमदार नाही. ज्याने मुलाला वर्गात पाहिलंय तो माणूस हवा. आता अडचण अशी की आपल्याकडे ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली पोरं अ‍ॅडमिशन एका कॉलेजात घेतात आणि दिवसभर क्लासला बसतात, आम्हाला त्यांचा चेहरा प्रॅक्टिकल परीक्षेला दिसतो. मग पत्र मागायला येतात तेव्हा शिक्षक म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. मी स्वतः एकदा अशी सही केलीये, सात-आठ वर्षांपूर्वी, ते पत्र कुणाहीबद्दल असू शकलं असतं इतकं कोरडं होतं आणि त्या मुलीचं त्यात काहीच नव्हतं, ते मला अजून टोचतं. त्यानंतर मी मुलांना सांगते, मार्चमध्ये येऊन बोला, काय वाचताय, कुठे अडलात, वर्गात विचारलेला कुठला प्रश्न आठवतो. अर्धा तास द्या, पत्र मी लिहीन. ज्यांना खरंच फॉर्म मजबूत करायचाय त्यांनी साडेतीन लाख राहू द्या, अकरावीत कॉलेजच्या वर्गात येऊन बसा आणि प्रश्न विचारा.

राहिली आर्थिक मदत. हा मुद्दा दिसायला साधा पण याने घर बुडू शकतं. अर्धं खरं आहे, बऱ्याच युनिव्हर्सिट्या परदेशी मुलांच्या बाबतीत पैशांची गरज बघतात आणि त्याचा निर्णयावर परिणाम होतो, स्टॅनफर्ड त्यातलीच. पण एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ या ठिकाणी परदेशी मुलांसाठीसुद्धा प्रवेश ठरवताना पैशांचा विचार करत नाहीत, आणि प्रवेश दिला तर हिशेबाने निघेल ती पूर्ण गरज भागवतात. म्हणजे त्या मेसेजच्या मथळ्यात ज्या दोघांची नावं आहेत त्यांनाच हा मुद्दा लागू होत नाही! उलट बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे की परदेशी मुलाने अर्ज करताना मदत मागितली नाही तर पुढे चार वर्षं मागता येत नाही. आधी गप्प बसून प्रवेश घ्यायचा आणि नंतर मळा गहाण टाकायचा, हा सल्ला आहे तो. प्रत्येक कॉलेजचा नियम त्याच्याच वेबसाईटवर वाचा, ग्रुपवर नाही.

ताईला काल रात्री फोन करून सांगितलं, हिच्या यादीत ज्या कॉलेजांची नावं आहेत त्यातली मदतीच्या बाबतीत कुठली कशी ते मी रविवारी येऊन एकेक करून बघते, उत्पन्नाचे कागद काढून ठेव, मदत मागण्यासाठी घरच्या उत्पन्नाची माहिती द्यायचा सीएसएस प्रोफाईलचा फॉर्म लांबलचक असतो. भाचीने तो मसुदा फाडला. वही परत काढलीये, आणि अण्णांना फोन करून विचारलं की यंदा शेकोट्या पेटवणार त्या रात्री तिला बोलवाल का, वारा नसेल तेव्हा. अण्णा म्हणाले, "ये, पण थर्मामीटर चार आण, एक माझ्या हातात दे."